एका पेनीची पैज: टीव्हीवरचा मंदीवाला आणि त्याला हसणारे

२८ ऑगस्ट २००६. अमेरिकेतल्या सीएनबीसी या बिझनेस चॅनलवर ‘कडलो अँड कंपनी’ हा कार्यक्रम चालू आहे. पडद्यावर दोन चौकोन. एकात आर्थर लाफर, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे एकेकाळचे सल्लागार. कर कमी केले तर सरकारची तिजोरी उलट जास्त भरू शकते असं सांगणारी ‘लाफर कर्व्ह’ यांच्याच नावाची. दुसऱ्या चौकोनात पीटर शिफ, कनेक्टिकटमधल्या युरो पॅसिफिक कॅपिटल नावाच्या लहानशा ब्रोकरेजचे प्रमुख. वय ४३, बोलण्याचा वेग आगगाडीचा.

शिफ सांगत होते ते थोडक्यात असं. अमेरिकी माणूस कमावतो त्याहून जास्त उडवतो आहे. घराची किंमत वाढली म्हणून तो स्वतःला श्रीमंत समजतो, आणि त्या किमतीवर कर्ज काढून आणखी खर्च करतो. घरांचे भाव पडले की ही श्रीमंती कापरासारखी उडून जाईल आणि मागे फक्त कर्ज उरेल. मंदी येणार, २००७ मध्ये नाहीतर २००८ मध्ये.

लाफरना हे ऐकून हसू आवरेना. देशाची एकूण संपत्ती वाढते आहे, व्याजदराचं धोरण उत्तम चाललंय, हा गृहस्थ कुठल्या जगात राहतो, असा त्यांचा सूर होता. शेवटी पैज लागली. केवढ्याची? एका पेनीची. आपल्याकडे नाक्यावर पैज लागली तरी माणूस निदान कटिंग चहा तरी लावतो. पेनी म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, समोरच्याचं बोलणं तेवढ्याच मोलाचं आहे हे सांगायची ती रीत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत मंदीची अधिकृत तारीख नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था ठरवते, आणि तिने मंदीची सुरुवात डिसेंबर २००७ ही धरली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. एस अँड पी ५०० हा अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये १,५६५ वर होता, तो ९ मार्च २००९ ला ६७६ वर आला. शिफ यांच्या जुन्या मुलाखतींचे तुकडे जोडून ‘पीटर शिफ बरोबर होते’ अशा मथळ्याचा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि लाखो लोकांनी पाहिला. हसणारे तोंडघशी पडले, हसे झालेला माणूस द्रष्टा ठरला.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. ती सांगायला सोपी आहे आणि ऐकायला गोड आहे, पण अर्धीच आहे. माझं म्हणणं असं की टीव्हीने या माणसाच्या बाबतीत एकच चूक दोनदा केली. आधी त्याला हसून केली आणि नंतर त्याला डोक्यावर घेऊन केली. दोन्ही वेळेला त्याला नीट तपासायचं मात्र राहून गेलं.

तो नेमकं काय सांगत होता

यासाठी ‘सबप्राइम’ समजून घ्यावं लागेल. ज्याची पत चांगली, पगार नियमित, जुनी कर्जं फेडलेली, तो ‘प्राइम’ कर्जदार. त्याच्या खालचा तो सबप्राइम. अशा माणसाला घरकर्ज देणं जोखमीचं, म्हणून पूर्वी ते फारसं मिळत नसे. २००३-०४ नंतर ते सर्रास मिळू लागलं. पहिली दोन वर्षं हप्ता लहान, मग व्याज एकदम वर चढणार, अशी कर्जं दिली गेली. कर्जदाराला सांगितलं जायचं की काळजी करू नका, दोन वर्षांत घराची किंमत वाढेल, मग नवीन कर्ज घेऊन जुनं फेडून टाका.

बँकेला भीती कशी वाटली नाही? कारण कर्ज देणारा ते स्वतःजवळ ठेवतच नव्हता. हजारो कर्जांची मोळी बांधून ती वॉल स्ट्रीटवर विकली जायची, तिथे तिचे रोखे बनायचे, आणि ते जगभरचे गुंतवणूकदार घ्यायचे. कर्ज देणारा आणि कर्ज बुडालं तर रडणारा, ही दोन वेगवेगळी माणसं झाली. मग देणाऱ्याने पगाराची स्लिप कशाला तपासायची? ही सगळी इमारत एकाच खांबावर उभी होती, घरांचे भाव वाढतच राहणार या समजुतीवर. तो खांब २००६ च्या मध्यापासून हलायला लागला होता.

नोव्हेंबर २००६ मध्ये शिफ लास वेगासला गृहकर्जवाल्यांच्याच परिषदेत गेले आणि हे सगळं त्यांच्या तोंडावर तासभर सांगितलं. ते भाषण आजही ऐकायला मिळतं. त्यात आरडाओरडा कमी आणि हिशेब जास्त आहे. कर्जाचा हप्ता कधी वाढतो, भाडं किती येतं, घराचा भाव आणि माणसाची मिळकत यांचं प्रमाण कसं बिघडलंय, हे ते एकेक करून उलगडतात. तोच माणूस, तीच मतं, साधारण तेच दिवस. पण टीव्हीवरच्या पाच मिनिटांत त्याचा झाला ‘डॉक्टर डूम’, म्हणजे सर्वनाशाची भाकितं करणारा बुवा. माणूस बदलला नव्हता, त्याला बसवायचा चौकोन बदलला होता.

चौकोन कसा बनतो

बिझनेस चॅनल म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरायचा रिकामा वेळ. शेअर बाजार बहुतेक दिवशी अर्धा टक्का वर नाहीतर अर्धा टक्का खाली जातो, आणि त्यात सांगण्यासारखं काही नसतं. बातमीदार पाठवणं, कागदपत्रं वाचून शोध घेणं महाग पडतं. त्यापेक्षा दोन माणसांना समोरासमोर बसवणं फार स्वस्त. पाहुण्याला बहुतेक वेळा मानधन नसतं. त्याला मिळते प्रसिद्धी, त्याच्या धंद्याला मिळतात गिऱ्हाइकं, चॅनलला मिळतो मजकूर. कोणीच कोणाला पैसे देत नाही आणि तिघांचंही भागतं. भुर्दंड पडलाच तर तो पाहणाऱ्याला.

या व्यवस्थेत पाहुण्याची निवड कशी होते ते बघा. ‘बाजार वाढेल असं वाटतं, पण अमुक झालं तर पडेल, शक्यता साधारण साठ-चाळीस’ असं बोलणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही. ऐकायला कंटाळवाणा. ठाम बोलणारा हवा. तेजीवाल्यांची कमतरता नसते, ब्रोकरेज आणि फंडांची सगळी फौज तेजीवाल्यांचीच असते, कारण लोक घेतात तेव्हा त्यांचा धंदा चालतो. मग चर्चा रंगायला एक मंदीवाला लागतो. तो जितका टोकाचा तितकी बाकीच्यांना टोलेबाजी सोपी. तमाशातल्या सोंगाड्यासारखी ती जागा आधीपासून ठरलेली असते, फक्त त्यात बसणारं माणूस बदलतं.

चॅनल नेहमी बाजाराची तळी उचलतं असा आरोप होतो, तो मला अर्धवट वाटतो. घसरण सुरू झाली की लोक टीव्हीला जास्तच चिकटतात, भीतीलाही गिऱ्हाईक असतं. चॅनलचं प्रेम तेजीवर नसतं आणि मंदीवरही नसतं, ते खात्रीच्या सुरावर असतं. आणि भविष्याबद्दल ज्याला फार खात्री आहे, त्याच्याकडून माहिती सगळ्यात कमी मिळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांची भाकितं नोंदवून ठेवली आणि नंतर ती खरी किती ठरली ते मोजलं. निष्कर्षांपैकी एक असा की जे तज्ज्ञ प्रसारमाध्यमांत जास्त झळकत, त्यांचं भाकीत सरासरीने कमी अचूक निघे. एकाच मोठ्या कल्पनेतून सारं जग बघणारी माणसं टीव्हीला आवडतात आणि भाकितात मार खातात. दहा छोट्या गोष्टी जोडून, चाचपडत बोलणारी माणसं जास्त बरोबर येतात, पण त्यांचा चौकोन रंगत नाही.

चौघे एका बाजूला

१८ ऑगस्ट २००७ च्या शनिवारी शिफ फॉक्सवरच्या एका चर्चेत होते. तोवर न्यू सेंच्युरी फायनान्शियल ही मोठी सबप्राइम कंपनी दिवाळखोरीत जाऊन साडेचार महिने झाले होते. म्हणजे आग लागलेली होती, प्रश्न ती किती पसरणार एवढाच होता. समोर बेन स्टाइन, वकील, स्तंभलेखक आणि नट. बँका आणि वित्त कंपन्यांचे शेअर इतके स्वस्त झालेत की लुटून न्यावेत, असं त्यांचं म्हणणं. मेरिल लिंच या बड्या गुंतवणूक बँकेचं नाव घेऊन त्यांनी शिफारस केली. तेव्हा तो शेअर ७० डॉलरच्या वर होता. बाकीचे पाहुणेही स्टाइन यांच्याच बाजूने. शिफ बोलायला लागले की कोणीतरी हसत होतं.

वर्षभराने, सप्टेंबर २००८ मध्ये, मेरिल लिंच बँक ऑफ अमेरिकाच्या पदरात पडली. सौदा ठरला तो शेअरमागे साधारण २९ डॉलरच्या हिशेबाने.

तो व्हिडिओ आज पाहताना आपल्याला हसणाऱ्यांची कीव येते. पण मला वाटतं आपण त्यांना जरा जास्तच झोडपतो. १९४८ ते २०२० या काळात अमेरिकेत १२ मंद्या आल्या, म्हणजे सरासरी सहा वर्षांतून एक. दर वर्षी ‘यंदा मंदी’ म्हणणारा बहुतेक वर्षी तोंडावर पडतो आणि एखाद्या वर्षी देव होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. स्टुडिओतल्या लोकांनी असे कितीतरी कावळे पाहिलेले असतात. तेव्हा मंदीवाल्यावर विश्वास न ठेवणं ही चूक नव्हती.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. शिफ फक्त ‘पडणार’ म्हणत नव्हते, का पडणार ते सांगत होते. कर्ज कोणाला दिलंय, ते कोणी विकलंय, हप्ता कधी वाढणार, हे सगळं त्या क्षणी पडताळून पाहता येण्यासारखं होतं. एखाद्या अँकरने म्हणायचं होतं, ‘थांबा, हप्ता वाढल्यावर किती लोक थकबाकीत गेलेत त्याचे आकडे काय सांगतात?’ आकडे उपलब्ध होते. पण अँकरच्या हातात घड्याळ होतं, दीड मिनिटात जाहिरात घ्यायची होती, आणि हसणं हे उत्तर देण्यापेक्षा लवकर होतं.

स्वतः लॅरी कडलो, ज्यांच्या नावाचा तो कार्यक्रम होता, त्यांनी डिसेंबर २००७ मध्ये लिहिलं की मंदी येणार नाही, निराशावादी चुकले. मंदीची अधिकृत सुरुवात पुढे त्याच महिन्यापासून धरली गेली. इतकं अचूक चुकणं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा

तर शिफ बरोबर निघाले. मग त्यांच्या गिऱ्हाइकांचं काय झालं?

बऱ्याच जणांना २००८ मध्ये जबर तोटा झाला. हे वाचून माणूस चक्रावतो, पण कारण साधं आहे. शिफ यांच्या भाकिताला दोन तुकडे होते. पहिला, अमेरिकेतला फुगा फुटणार. दुसरा, म्हणून डॉलर कोसळेल, आशिया आणि युरोप अमेरिकेपासून सुटून स्वतःच्या पायावर चालतील, तेव्हा पैसे परदेशी शेअर आणि सोन्यात ठेवा. या सुटण्याला त्या काळात ‘डीकपलिंग’ म्हणत. पहिला तुकडा खरा ठरला आणि दुसऱ्याने मार दिला.

२००८ या एका वर्षात एस अँड पी ५०० साधारण ३८ टक्के पडला. अमेरिकेबाहेरच्या विकसित देशांचे बाजार डॉलरच्या हिशेबाने त्याहून जास्त पडले, उगवते बाजार तर निम्म्याहून खाली आले. आपला सेन्सेक्सच घ्या. २००७ संपताना तो २०,२८७ वर होता, २००८ संपताना ९,६४७ वर. त्या जानेवारीत ठाण्यातल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात भिंतीवरचा टीव्ही बघत उभी असलेली माणसं मला आठवतात. तोपर्यंत ‘अमेरिकेला सर्दी झाली तरी भारताला काही होत नाही, आपली अर्थव्यवस्था घरच्या मागणीवर चालते’ हे पाठ झालेलं होतं. शिफना हसणारे अमेरिकी पंडित आणि आपले घरगुती पंडित, दोघांचंही चुकलं होतं. गंमत अशी की ज्या जागी आपल्या पंडितांचं चुकलं, नेमक्या त्याच जागी शिफचंही चुकलं.

आणि डॉलर? तो वाढला. घबराट पसरली की जगभरच्या कर्जदारांना डॉलर हवे असतात, कारण जगातलं कितीतरी कर्ज डॉलरमध्ये घेतलेलं असतं. आग अमेरिकेत लागली होती, पण विझवायचं पाणीही डॉलरच होतं. जुलै २००८ मध्ये एका युरोला सुमारे १.६० डॉलर पडत, ऑक्टोबरअखेर सव्वा डॉलरच्या आसपास. रुपया वर्षभरात डॉलरमागे ४० च्या खालून ५० च्या घरात गेला. म्हणजे परदेशी शेअर घेतलेल्या अमेरिकी माणसाला दुहेरी फटका बसला, शेअरही पडले आणि ज्या चलनात ते होते तेही पडलं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर ज्योतिषाने दुष्काळ बरोबर सांगितला. गावातले त्याला हसले, आणि पाऊस खरंच आला नाही. पण त्याने सल्ला दिला होता की शेजारच्या गावात जमीन खंडाने घ्या, तिथल्या विहिरी आटत नाहीत. त्या विहिरींना पाणी याच धरणाच्या कालव्यातून पाझरत होतं, हे ना ज्योतिषाने पाहिलं ना हसणाऱ्यांनी.

आता २००६ च्या त्या चौकोनाकडे परत जा. लाफर यांनी शिफना विचारायला हवं होतं, ‘बरं, समजा तुमचं खरं. मग गिऱ्हाइकाला आज काय घ्यायला सांगता, आणि डॉलर पडण्याऐवजी वाढला तर त्याचं काय होईल?’ या एका प्रश्नाने शिफ खरोखर अडचणीत आले असते, आणि पाहणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं असतं. तो कोणी विचारला नाही, कारण सगळ्यांचा जोर मंदी येणार की नाही या एकाच वादावर होता. आणि २००९ मध्ये, जेव्हा तीच चॅनलं त्यांना ‘तुम्ही आधीच ओळखलं होतं’ म्हणून मानाने बोलावू लागली, तेव्हाही बहुतेकांनी विचारला नाही. यशाचा हार घातलेल्या माणसाला पासबुक दाखवा म्हणणं वाईट दिसतं.

पट्टी कुठे लावायची

२००९ नंतर शिफ सांगू लागले की अमेरिकेची मध्यवर्ती बँक एवढे डॉलर छापतेय की महागाई भडकणार, डॉलर मातीमोल होणार आणि सोनं हजारो डॉलरवर जाणार. सोनं सप्टेंबर २०११ मध्ये औंसामागे १,९०० डॉलरला शिवलं. मग घसरत घसरत डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० च्या आसपास आलं. महागाई मात्र पुढची दहा वर्षं मरगळलेलीच राहिली. छापलेला पैसा बँकांच्या खात्यात पडून होता, बाजारात फिरत नव्हता, हे त्यामागचं एक कारण. महागाई भडकली ती कोविडनंतर. जून २०२२ मध्ये अमेरिकेत ती ९.१ टक्क्यांवर होती. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४,००० डॉलर ओलांडले.

मग शिफ बरोबर की चूक? ऑगस्ट २००६ मध्ये सोनं साधारण ६२० डॉलर होतं, एस अँड पी साधारण १,३००. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं ४,००० च्या वर आणि एस अँड पी ६,७०० च्या आसपास. सोनं साडेसहा पट, शेअर पाच पट, आणि वर शेअरवर दरवर्षी मिळालेला लाभांश. म्हणजे पैजेच्या दिवसापासून मोजलं तर दोघेही जवळपास एकाच ठिकाणी. २०११ ला मोजलं तर शिफ देव, २०१५ ला मोजलं तर भोंदू. माणूस तोच, मत तेच. पट्टी कुठे लावली यावर निकाल. आणि टीव्हीवर पट्टी नेहमी ‘आज’ या खुंटीला बांधलेली असते.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर शिफ हे उत्तम निदान करणारे आणि औषधात गडबडणारे डॉक्टर. आणि त्यांचं औषधाचं दुकानही आहे, हे विसरू नका. त्यांची ब्रोकरेज परदेशी शेअर विकायची, पुढे त्यांनी सोनं-चांदी विकायचा व्यवसायही सुरू केला. त्यांनी हे कधी लपवलं नाही, म्हणून त्यांना लबाड म्हणणं चूक ठरेल. पण पडद्यावर नावाखाली कंपनीचं नाव येतं, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात ‘हा मोठा माणूस आहे’ एवढंच उमटतं. ‘याच्या बोलण्याने मी घाबरलो तर याचा धंदा वाढतो’ हे उमटत नाही. तेजीवाल्या फंड मॅनेजरचंही हेच, फक्त त्याचा धंदा आपल्या आशेवर चालतो.

प्रश्न नीट विचारला नाही की काय होतं, याचं दुसरं उदाहरण सीएनबीसीच्याच जिम क्रेमर यांचं. ११ मार्च २००८ ला एका प्रेक्षकाने विचारलं की बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेतून पैसे काढून घेऊ का. क्रेमर ओरडून म्हणाले, नाही, बेअर स्टर्न्स ठीक आहे. शेअर तेव्हा ६० डॉलरच्या वर होता. १६ मार्चला जेपी मॉर्गनने ती कंपनी शेअरमागे २ डॉलरने घ्यायचं ठरवलं, नंतर तो भाव १० वर नेला. क्रेमर यांचा बचाव असा की प्रश्न तिथे ठेवलेल्या पैशांबद्दल होता, शेअरबद्दल नव्हता. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे, कारण खातेदारांचे पैसे बुडाले नाहीत. पण घरी बसून ऐकणाऱ्या किती जणांनी ‘पैसे’ आणि ‘शेअर’ हा भेद केला असेल? वर्षभराने, १२ मार्च २००९ ला, विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जॉन स्टुअर्ट यांनी क्रेमरना समोर बसवून जुन्या चित्रफिती दाखवत जाब विचारला. वित्तीय चॅनलची इतकी कसून झडती त्या काळात एका विदूषकाने घ्यावी, यात सगळं आलं.

आपल्याकडचा वेगळा रस्ता

अमेरिकेत मत मांडायची मोकळीक फार रुंद आहे. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गुंतवणुकीचं वार्तापत्र काढणाऱ्याच्या खटल्यात असं मानलं की सगळ्यांना सारखं छापून दिलेलं मत आणि एका गिऱ्हाइकाला दिलेला खासगी सल्ला या वेगळ्या गोष्टी. पहिल्यासाठी सल्लागार म्हणून नोंदणी सक्तीची नाही.

भारताने दुसरा रस्ता धरला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१४ च्या रिसर्च अॅनालिस्ट नियमांनुसार टीव्हीवर शेअरची शिफारस करणाऱ्याने आपली नोंदणी आणि त्या शेअरमधला स्वतःचा हितसंबंध सांगायचा असतो. शिफारशीआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये स्वतः व्यवहार करायचा नाही, असंही त्या नियमांत होतं. कारण आपल्याकडचा पाहुणा मुळात वेगळा. शिफ अर्थव्यवस्थेवर वाद घालतात, आपला पाहुणा ‘हा शेअर घ्या, टार्गेट अमुक, स्टॉपलॉस (म्हणजे भाव पडला तर विकून मोकळं व्हायची पातळी) तमुक’ असं सांगतो. लहान कंपनीचा शेअर असेल तर त्याच्या बोलण्यानेच भाव चढतो.

८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत सेबीने झी बिझनेसवर येणाऱ्या काही पाहुण्या तज्ज्ञांसह १५ जणांविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ७.४१ कोटी रुपये जप्त करायला सांगितले. आरोप असा होता की पाहुणे कोणता शेअर सांगणार ते काही मंडळींना आधीच कळे. ती मंडळी आधी घेऊन ठेवत, शिफारस झाली, भाव चढला की विकून मोकळी होत. अंतरिम आदेश म्हणजे प्रथमदर्शनी मत, अंतिम निकाल नव्हे. पण फरक लक्षात घ्या. इथे पाहुण्याचं भाकीत खरं की खोटं हा मुद्दाच नाही. भाव खरोखर चढत होता, आणि तेच दुखणं होतं.

कोण कुठे आहे

पैजेनंतरची कहाणी मला सगळ्यात जास्त आवडते. लॅरी कडलो २०१८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये गेले आणि राष्ट्राध्यक्षांच्या राष्ट्रीय आर्थिक परिषदेचे संचालक झाले. तिथून बाहेर पडल्यावर फॉक्स बिझनेसवर पुन्हा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम. आर्थर लाफर यांना जून २०१९ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. क्रेमर यांचा कार्यक्रमही बंद पडला नाही.

पीटर शिफ २०१० मध्ये कनेक्टिकटमधून सिनेटसाठी रिपब्लिकन उमेदवारी मागायला उभे राहिले आणि हरले. आता ते टीव्हीवर दिसतात ते मुख्यतः सोन्याच्या बाजूने आणि बिटकॉइनच्या विरोधात बोलताना. बिटकॉइन डिसेंबर २०२४ मध्ये एक लाख डॉलर ओलांडून गेला, तरी त्यांचं म्हणणं तेच की याची किंमत शून्य. समोरच्या चौकोनातला तरुण हसतो. अँकर विचारतो की इतकी वर्षं चुकूनही तुम्ही अडून कसे. मग जाहिरात.

राहता राहिली ती पेनी. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठी शेवटची पेनी पाडली आणि ते नाणं कायमचं थांबवलं. एक पेनी पाडायला जवळपास पावणेचार पेनी खर्च येत होता.